ओहोटीचा आवाज

फाल्गुनातल्या त्या दुपारी माझ्या पावलांना द्राक्षांचा वास येत होता. ताज्या घडाचा कोवळा, हिरवट गंध नव्हे. उन्हात दोन दिवस पडून सालीतून सुटलेल्या, गोडीकडून आंबटपणाकडे निघालेल्या फळांचा तो दाट, जड, किंचित गुंगी आणणारा वास. गंगापूर रोडवरच्या एका इमारतीच्या तळघरात, चारी भिंतींवर टांगलेल्या गोधड्यांच्या मधोमध, साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी एका पसरट टबात उभी होते, आणि समोरच्या पडद्यावर, कुठल्याशा परक्या समुद्रातल्या बेटावर, अंगभर शिंपले उगवलेला एक राक्षस उजवा पाय उचलण्यासाठी माझी वाट पाहत थांबला होता.

त्या गोधड्या माझ्या हातच्या. नाशिकला येऊन मला बावीस वर्षं झाली. नवऱ्याला सातपूरच्या कारखान्यात काम लागलं म्हणून मालवणच्या बाजूचं, खाडीकाठचं आमचं गाव सोडून आले, आणि सातवीत सुटलेल्या शाळेच्या जोरावर दुसरं काय जमणार होतं म्हणून शिवणयंत्रापुढे बसले. देवरेकाकांनी हे ध्वनिमुद्रणाचं तळघर काढलं तेव्हा आवाज घुमू नये म्हणून त्यांना भिंतींसाठी जाड गोधड्या हव्या होत्या. मापं घ्यायला मी आले, गोधड्या शिवल्या, टांगल्या, काम संपलं. तरी काकांनी मला जा म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही. उसवलेलं शिवावं, माइकांना कापडी टोप्या कराव्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा द्यावा, आणि रिकाम्या दुपारी इथलं ध्वनिमुद्रण सांभाळणारी काकांची भाची मुक्ता आणून देई ती पुस्तकं वाचत बसावं, अशी आठ वर्षं गेली. पुस्तकांनी मला शब्द दिले, काकांनी छप्पर दिलं, आणि या दोन्ही गोष्टी इतक्या सहज मिळाल्या की त्या तितक्याच सहज जातील अशी धास्ती माझ्या मनात कायमची घर करून राहिली. संध्याकाळी निघताना मी मेन स्विच तीनदा पाहते. पायऱ्या चढून वर गेले तरी एकदा खाली येऊन पुन्हा पाहते. कुणाचाही आवाज जरा चढला की मला वाटतं, आता पुढचं वाक्य "उद्यापासून येऊ नका" हेच असणार.

अशा तळघरात एका सोमवारी तो जुना इटालियन चित्रपट येऊन दाखल झाला. त्याचे रंग उडालेले होते. लाल होतं ते विटेसारखं झालेलं, निळं होतं ते राखेसारखं, आणि त्या विटलेपणामुळेच की काय, सगळं बेट कुणाच्या तरी तापात दिसलेल्या स्वप्नासारखं वाटत होतं. मोत्यांच्या शोधात निघालेलं जहाज फुटतं. वाचलेली चार माणसं किनाऱ्याला लागतात. तिथे दगडी बंगला, बंगल्यात पांढऱ्या कोटातला गोडबोल्या व्यापारी, मागे धुमसणारा डोंगर, आणि दलदलीत वावरणारा तो राक्षस. वाचलेल्यांमध्ये एक बाई असते. तिचा नवरा वर्षापूर्वी याच बेटावर हरवलेला. राक्षसाची कातडी रबराची आहे हे लहान पोरालाही कळेल, आणि उजव्या बगलेतली शिवण तर माझ्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं (टाका मात्र चांगला होता). तरीही तो दलदलीतून पहिल्यांदा डोकं वर काढतो तेव्हा मी हातातला ट्रे छातीशी धरला. शिवण दिसत असूनही भीती वाटते, हे मला माझ्या स्वतःच्या आयुष्यावरून ठाऊक होतं.

या जुन्या चित्रपटांची एक अडचण असते. संवाद आणि बाकीचे आवाज एकाच ध्वनिपट्टीवर एकजीव होऊन बसलेले असतात. मराठी बोलणं घालायचं म्हणून इटालियन बोलणं काढलं की त्याच्याबरोबर वारा जातो, पावलं जातात, दारांची कुरकुर जाते, समुद्रसुद्धा जातो. उरतं ते मुकं चित्र. मग त्या मुक्या जगातला एकेक आवाज पुन्हा हाताने घडवावा लागतो, आणि तसं ते घडवण्याचं काम काकांकडे आलं होतं. आलं होतं म्हणजे अजून पुरतं आलं नव्हतं. नमुन्यादाखल एक प्रसंग करून दाखवायचा, गुरुवारी पुण्याहून हे काम देणाऱ्या वैदेही मॅडम येऊन तो ऐकणार, पसंत पडला तर अख्खा चित्रपट आपला, नाहीतर तो मुंबईला जाणार. काकांच्या मुलाला या तळघराचं गोदाम करायचं होतं. पुढचं मोठं काम मिळालं नाही तर दिवाळीनंतर तुझंच, असा शब्द काकांनी त्याला दिलेला आम्हाला माहीत होता.

प्रसंग आठ मिनिटांचा. पाणी ओसरलेल्या अफाट चिखलावरून ती बाई एकटी चालली आहे आणि मागून तो येतो आहे. कुणाचे ओठ हलत नाहीत. मूळ पट्टीवर फक्त तिचं मनातलं बोलणं चालू राहतं आणि त्या बोलण्याखाली लाटांचा आवाज. शेवटी तो तिच्यापासून दहा पावलांवर येतो, आणि थांबतो. ती वळून पाहते. तो पुढे का येत नाही हे तिला कळतं, आणि त्याच क्षणी आपल्यालाही.

मुक्ताने दिवसभर खपून टबातल्या पाण्यात हात फिरवत त्या लाटा अगदी मुळाबरहुकूम केल्या होत्या. काका खूश होते. मी कप गोळा करत होते. कप गोळा करणाऱ्या माणसाने बोलू नये एवढं शहाणपण माझ्याजवळ होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"पण ही तर ओहोटी आहे."

"काय म्हणालात मावशी?" मुक्ताने हेडफोन बाजूला केले.

"समुद्र लांब गेलाय गं. त्या मागच्या होड्या बघ, आडव्या पडल्यात. खडकांवर ओली रेघ कमरेएवढी वर आहे. इतक्या चिखलापलीकडची लाट हिला ऐकू कशी येईल?"

देवरेकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "ओ मालवण, मूळ पिक्चरमधी लाटाच आहेत. सगळ्यांनी ऐकल्या. म्हणजे इटलीवाल्यांना समुद्र कळत नाही आन् तुम्हाला कळतो, असं का?"

"त्यांना कळत असेल काका. आवाज करणाऱ्याला कळला नसेल."

मुक्ता हसली. काका हसले नाहीत. "मग तुम्हीच करून दाखवा," ते म्हणाले. "बुधवार संध्याकाळपर्यंत. नाही जमलं तर लाटा ठेवू, आन् गुरुवारी तुम्ही मॅडमसाठी चहा ठेवा."

त्या संध्याकाळी मी मेन स्विच किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. जे लोक आपल्याला सांभाळून घेतात त्यांच्या पोटावर पाय आणणारं काही आपण बोललो नाही ना, या विचाराने जेवण गेलं नाही. माझ्या बोलण्यावर त्यांनी मुळातलं सोडून दुसरंच काही केलं आणि मॅडमना ते पटलं नाही, तर ते गोदाम माझ्यामुळे होणार होतं. आणि गप्प बसले असते तर? तर तो चिखल आयुष्यभर माझ्या कानात चुकीचा वाजत राहिला असता. ही दुसरी गोष्ट कुणाला सांगून समजली नसती, नवऱ्यालाही नाही. त्याला मी फक्त डोकं दुखतंय म्हणाले.

आमच्या गावात शाळा खाजणाच्या पलीकडे होती. खाजण म्हणजे भरतीला बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी खाडीकाठची चिखलाची जमीन. भरती असेल तेव्हा होडीने जायचं, ओहोटी असेल तेव्हा चपला हातात घेऊन पायी. सहा वर्षं मी तशी गेले. सकाळची उन्हं तिरपी पडलेली असत, चिखलावर चांदीची साय धरलेली असे, कुजलेल्या पानांचा, मिठाचा आणि कालवांचा मिळून एक वास वर येई, आणि ज्याला लोक शांतता म्हणतात ती तिथे क्षणभरही नसे. सगळं खाजण बारीक आवाजात बोलत असायचं. हजारो बिळांतून पाणी झिरपत उतरायचं, कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आत सरकायच्या, बुडबुडे फुटायचे, कुठे काही तडकायचं. त्या कुजबुजीत आपलं पाऊल पडताना ऐकू येत नसे. पाऊल निघताना येई. चिखल पाय मुकाट्याने घेतो, देताना मात्र कुरकुरतो. सातवीच्या मध्यावर धाकटा भाऊ झाला, आई माशांची पाटी घेऊन बाजाराला जाऊ लागली, आणि मी घरी राहिले. शाळेत शिकवलेलं पुष्कळसं विसरले. वाट तेवढी पायांत राहून गेली.

पण नाशिकला खाजण कुठून आणायचं? मंगळवारी सकाळी मी काकांना म्हटलं, काळी माती हवी, उन्हात वाळलेली, ढेकळं न फोडता. काका लगेच स्कूटर काढून गेले आणि वणीच्या अलीकडे त्यांच्या मेहुण्याचं शेत आहे तिथून गोणभर ढेकळं पायांशी ठेवून घेऊन आले. गोण पायऱ्यांवरून उतरवताना मात्र त्यांचा सटाण्याचा पिंड जागा झाला. रागावले की ते अहिराणीवर येतात. "हाई काय शे?" ते म्हणाले. "स्टुडिओ शे का ईटभट्टी?"

मी ढेकळं टबात रचली, मुक्ताला माइक अगदी मातीजवळ आणायला सांगितलं, आणि तांब्याने बारीक धार सोडली. तहानलेली काळी माती पाणी पिते तेव्हा काय होतं ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला माहीत असतं, पण इतक्या जवळून कान लावून ते कोण ऐकतो? माती सुस्कारली. मग तिच्या पोटातली हवा वाट शोधत बाहेर पडू लागली, चुटचुट, फुसफुस, ठिकठिक. एक ढेकूळ खचलं, त्याच्या अंगाने पाणी खाली घसरलं, आणखी हजार ठिकाणी काहीतरी उमललं आणि मिटलं. मुक्ताचे डोळे मोठे झाले. तिने एक हेडफोन माझ्या कानाला लावला. मी डोळे मिटले, आणि बावीस वर्षं मधून नाहीशी झाली.

पावलांनी मात्र दगा दिला. त्याच चिखलात मी चालले, मुक्ताने ध्वनिमुद्रण केलं, लावून पाहिलं, तर चपक चपक, चपक चपक. गोधडीला टेकून उभे असलेले काका म्हणाले, "राक्षस येतोय का पुरणपोळीची कणीक मळताय?" खरंच तसं वाजत होतं. मंगळवार गेला. बुधवारची दुपार आली. चिखल पाय सोडताना अडून बसत नव्हता. आमच्या खाजणाच्या पोटात शेकडो वर्षांची कुजकी पानं होती, आणि या मातीच्या पोटात काहीच नव्हतं. तिच्याखाली काहीतरी चिकट, लिबलिबीत, पाय धरून ठेवणारं हवं होतं. भाजी आणायला जाते त्या रस्त्याने मी निघाले आणि का कुणास ठाऊक, द्वारका चौकापर्यंत गेले. चौकातल्या गर्दीत, हॉर्नच्या गदारोळात, एका फळवाल्याच्या गाडीमागे गळालेल्या द्राक्षांची दोन क्रेट उन्हात पडली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "न्या ना ताई, गायीला घालायची का?" मी म्हटलं, "नाही, राक्षसाला." त्याने दोन्ही क्रेट रिक्षात ठेवून दिली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

खाली द्राक्षांचा लगदा, वर काळा चिखल, आणि कंबरेला पणत्यांच्या खापऱ्या ओवलेली माळ, अंगावरच्या शिंपल्यांसाठी. टाच आधी उचलायची, मग चवडा, मग बोटं, आणि बोटं निघताना घाई करायची नाही. पहिलं पाऊल निघालं. दुसरं निघालं. लगदा तळाशी पाय धरून ठेवत होता आणि मग एका दीर्घ, नाइलाजाच्या उसाशासारखा सोडत होता. पडद्यावर बघत बघत मी ते आठ मिनिटांचं अंतर त्याच्याबरोबर चालले, आणि तो थांबला तशी मीही थांबले. तिथेच पुन्हा चूक झाली. ऐकून पाहिलं तर तो थांबल्यावर सगळं मेल्यासारखं वाटत होतं, जणू पडद्यावरून कुणी त्याला उचलून नेलं. मला आठवलं, भर खाजणात मध्येच उभं राहिलं तर थांबता कधी येतच नसे. थांबलेला माणूसही हळूहळू खाली जात असतो. मग मी पुन्हा चालले, आणि शेवटी एका पायावर सगळा भार देऊन नुसती उभी राहिले. चिखल घोट्यापर्यंत चढू लागला, मग घोट्याच्या वर. त्याच्या चढण्याचा अगदी बारीक, ओला आवाज माइकमध्ये जात होता. समोर तो रबरी राक्षस, तोच तिचा हरवलेला नवरा, आपल्या बायकोकडे बघत उभा होता. त्याला पुढे जायचं होतं. मला ते माझ्या पोटरीत कळत होतं.

गुरुवारी वैदेही मॅडम आल्या. चित्रपटाचे संवाद मराठीत त्यांनीच आणले होते, त्यामुळे तो त्यांना तोंडपाठ होता. त्या वही उघडून बसल्या, मुक्ताने दिवे मंद केले, आणि मी दाराजवळच्या गोधडीचा एक सुटलेला धागा बोटाला गुंडाळत उभी राहिले. आठ मिनिटं इतकी लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पहिल्या मिनिटाला काहीतरी लिहिलं. तिसऱ्याला पेन खाली ठेवलं. राक्षस थांबला तेव्हा त्यांनी वही मिटली.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग वळून म्हणाल्या, "पण मुळात इथे लाटा आहेत."

माझ्या बोटाचा धागा इतका आवळला गेला की टोक पांढरं पडलं. आता बोलायला हवं होतं. तेवढ्यात काका पुढे झाले.

"मूळ चुकलंय मॅडम," ते म्हणाले, जन्मभर मासेमारी केल्याच्या थाटात. "ओहोटी आहे ती. होड्या आडव्या पडल्यात, दिसत नाही का? खडकावरची रेघ बघा. एवढ्या लांबून कसली लाट ऐकू येते?" सटाण्याच्या या माणसाने आयुष्यात समुद्र दोनदा पाहिला होता, त्यातला एकदा बसमधून.

मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या. होड्या, खडक, रेघ. मग त्या हसू लागल्या, मोकळं, मनापासून. "अहो, मी हा सीन पन्नास वेळा बघितलाय. मला का नाही दिसलं? हे राहू द्या. असंच राहू द्या. सगळा पिक्चर असाच करा. ही पावलं कुणाची?"

"आमच्या मालवणची," काका म्हणाले, आणि मला हाताने पुढे बोलावलं.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. मुक्ताने मारलेली मिठी, मॅडमनी मुद्दाम टबाशी येऊन चिखलात घातलेलं बोट आणि द्राक्षांचा वास ओळखल्यावरचा त्यांचा चेहरा, मुलाला फोन लावून "गोदाम दुसरीकडं बघ रे" असं सांगताना काकांचा मुद्दाम रुक्ष ठेवलेला आवाज. मी पायऱ्या चढून वर आले. गंगापूर रोडवर भर दुपारचं पांढरं ऊन होतं, नीलमोहराच्या फांद्या तापल्या होत्या, रिक्षा, शाळेच्या बस, उसाच्या रसाचं चाक, सगळं आपापल्या आवाजात चाललं होतं, आणि मला प्रत्येक आवाज कळत होता. जणू या शहराने बावीस वर्षांनी मला स्वतःचं नाव सांगितलं. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही थांबवून सांगावंसं वाटलं, अहो, तो राक्षस मी आहे. पावलं अजून चिकट होती. मी तिथेच फुटपाथवर उभी राहून एकटीच हसले, आणि कुणी बघतंय का हे पाहायचंही राहून गेलं.

चहा शेवटी मीच ठेवला. पिता पिता मॅडमनी एक गोष्ट सांगितली. चित्रण दूरच्या कुठल्याशा उष्ण समुद्रातल्या बेटावर झालं होतं, आवाज मात्र नंतर इटलीतल्या एका खोलीत बसवले गेले. "मी तिथे दोन वर्षं शिकायला होते," त्या म्हणाल्या. "त्यांच्या समुद्राला ओहोटी जवळजवळ नसतेच. सकाळी जिथे टॉवेल अंथराल, संध्याकाळी पाणी तिथेच. समुद्र असा निघून जातो, हे त्या माणसाला सुचणार कसं?"

काका म्हणाले, "घ्या. म्हणजे सापडला चोर." सगळे हसले. मीही हसले, पण कप गोळा करताना त्या खोलीतला माणूस मनातून जाईना.

मॅडम गेल्यावर मी मुक्ताला मूळ पट्टी लावायला सांगितली. "आता कशाला मावशी? जिंकलात की," ती म्हणाली, तरी लावली. मी हेडफोन कानांवर चढवले. त्या बाईचं मला न कळणारं बोलणं सुरू झालं, आणि त्याच्याखाली त्या लाटा, मंद, एकसारख्या, काठाशी येऊन वळणाऱ्या. सोमवारी मी त्या फक्त चुकीच्या म्हणून ऐकल्या होत्या. आता ऐकलं तर त्यांत खोटं काहीच नव्हतं. कुठल्याशा खोलीत, टबावर वाकून, एका माणसाने अनोळखी चिखलाचं चित्र समोर ठेवून आपल्या ओळखीचं पाणी हलवलं होतं. उंबऱ्याशी आयुष्यभर थांबून राहिलेलं, कधीही पाठ न फिरवणारं पाणी. त्याचं नाव चित्रपटात कुठे दिसलं नाही. त्यालाही कुणी येऊन ऐकणार होतं का, त्यानेही तोवर बोटाला धागा गुंडाळला होता का, कोण सांगणार?

मुक्ताने विचारलं, "थांबवू?" मी मानेनेच नको म्हटलं. पडद्यावर तो थांबला होता, बाई वळली होती, आणि त्या माणसाचा समुद्र अजून वाजत होता, अगदी जवळ, काठ न सोडता. तो माणूस कधी माझ्यासारखा त्या काठापासून लांब गेला असेल का, एवढंच मला ऐकून कळत नव्हतं.